गिफाला निघालाय? ड्युसेलडॉर्फबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गावाचे आलेत, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचे. कारण उघड आहे, पुढचं गिफा, म्हणजे तिथं भरणारं फाउंड्रीवाल्यांचं (ओतकामाच्या कारखान्यांचं) प्रदर्शन, जून २०२७ ला आहे आणि कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत, शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागल, टपरीवर चहा घेताना "तू जाणार काय?" हाच विषय चाललाय. कास्टिंगच्या एक्स्पोर्टच्या कामानं माझं तिकडं जाणं-येणं असतं, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं राहिलं असेल तर राग मानू नका.

प्रश्न : आमची शिरोलीत फाउंड्री आहे, ट्रॅक्टर आणि पंपाचे पार्ट करतो, ग्रे आयर्न आणि एसजी, बिडाचे दोन्ही प्रकार. वडील म्हणतात गिफा म्हणजे पैशाची नासाडी, फोटो काढून लोक परत येतात. मला जायचंय. खरंच उपयोग होतो का, आणि तयारी काय करू?

उत्तर : दादा, वडिलांचं अर्धं बरोबर आहे. फोटो काढून परत येणारे लई असतात. पण ते गिफाचा दोष नव्हे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडची बरीच मंडळी इथंच गंडतात. तिथं एकाच वेळी, एकाच मैदानावर चार प्रदर्शनं भरतात. गिफा म्हणजे फाउंड्रीची मशिनरी, सँड प्लँट, भट्ट्या, बाइंडर, कोटिंग, सिम्युलेशन सॉफ्टवेअर. मेटेक स्टील प्लँटवाल्यांचं, थर्मप्रोसेस हीट ट्रीटमेंट आणि औद्योगिक भट्ट्यांचं. आणि चौथं न्यूकास्ट, जिथं तयार कास्टिंग विकणारे स्टॉल लावतात आणि कास्टिंग घेणारे फिरतात. म्हणजे सरळ हिशोब असा की गिफा खरेदी करायला आणि न्यूकास्ट विकायला. तुम्हाला नवीन मोल्डिंग लाइन घ्यायची असेल तर गिफाच्या भागात दिवस काढा, पण तुम्हाला जर्मन गिऱ्हाईक पाहिजे असेल आणि तुम्ही पाचही दिवस मोल्डिंग मशिनपुढं तोंड उघडं टाकून उभे राहिलात तर वडील म्हणतात तेच खरं होणार.

हे सगळं चार वर्षांतून एकदा होतं. पहिलं गिफा १९५६ ला ड्युसेलडॉर्फलाच भरलं होतं, गेल्या खेपेला, म्हणजे २०२३ ला, चारही प्रदर्शनं मिळून साधारण २२०० एक्झिबिटर होते आणि ६० हजारांवर लोक येऊन गेले. एवढ्या गर्दीत "सहज फिरत फिरत" कुणी भेटत नाही. एक्झिबिटरची यादी वेबसाइटवर आधी येते, त्यातून आपल्या कामाचे काढा, मेल टाका, वेळ ठरवून घ्या. जर्मन माणूस साडेदहाची वेळ दिली की साडेदहाला तुमच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवतो, न ठरवता गेलात तर रिसेप्शनवरची बाई हसून ब्रोशर देते आणि विषय संपतो.

आता बॅगेत काय न्यायचं. दहा किलो कॅटलॉग नकोत. एक पानी माहिती करा, पण त्यात "वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर" वगैरे घालू नका, तो कागद तिथंच कचऱ्यात जातो. त्याला पाहिजे ते घाला : सिंगल पीस वजन किती ते किती, बॉक्स साइझ काय, कोअर (आतली पोकळी धरणारा वाळूचा गाभा) कुठल्या प्रोसेसनं करता, महिन्याला किती टन निघतं आणि त्यातलं किती मोकळं आहे, मशिनिंग घरात की बाहेर, आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट) आहे का, रिजेक्शन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत, किती. आणि ग्रेड त्यांच्या भाषेत लिहा. आपण एफजी २६० म्हणतो तसलं काम तो ईएन-जीजेएल-२५० म्हणून मागतो, आपलं एसजी ४००/१५ म्हणजे त्याचं ईएन-जीजेएस-४००-१५. दोन्ही स्टँडर्डमधले आकडे जवळचे आहेत म्हणून डोळे झाकून हो म्हणू नका, ईएन १५६१ आणि ईएन १५६३ ही युरोपची दोन्ही स्टँडर्ड आधी वाचून जा. टॉलरन्ससाठी आयएसओ ८०६२ चं नाव निघणारच.

सँपल नेताना एकच न्या, पण कापलेलं न्या. हे माझं पक्कं मत आहे. बाहेरनं शॉटब्लास्ट करून चमकवलेलं कास्टिंग सगळ्यांकडं असतं. जिथं जाड आणि बारीक सेक्शन मिळतात तिथं उभा छेद घेतलेला, पॉलिश केलेला तुकडा टेबलावर ठेवला की समोरचा खिशातनं चष्मा काढतो, आत श्रिंकेज (मेटल थंड होताना पडणारी पोकळी) नाही हे बघतो आणि मग बोलायला लागतो. स्टॉल लावणार असाल आणि बरेच पीस न्यायचे-आणायचे असतील तर एटीए कार्नेट हा कस्टम्सचा कागद काढा, आपल्याकडं तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते, म्हणजे परत आणायच्या मालावर तिकडं ड्युटी भरायचा प्रश्न राहत नाही.

आणि पहिल्या खेपेला स्टॉल घेऊ नका, व्हिजिटर म्हणून जा. घ्यायचाच असेल तर ईईपीसीसारख्या (इंजिनिअरिंग माल एक्स्पोर्ट करणाऱ्यांच्या) संस्थेच्या भारतीय पॅव्हेलियनमध्ये जागा बघा, उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्यांना एमएसएमई मंत्रालयाच्या इंटरनॅशनल कोऑपरेशन स्कीममधनं काही खर्च मिळू शकतो, पण तो अशा संस्थेमार्फत, आधी अर्ज करून. परत आल्यावर बिलं घेऊन गेलात तर काही मिळत नाही.

वडिलांना सांगा, जमलं तर तुम्हीच चला. जुन्या माणसाला वाळू हातात घेतली की कळतं ते आपल्याला सॉफ्टवेअर बघूनही कळत नाही.

प्रश्न : हॉटेलचे दर बघून डोळे पांढरे झाले. एरवी ८०-९० युरोची खोली प्रदर्शनाच्या आठवड्यात तिप्पट-चौपट दाखवतेय. कोलोनला राहिलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, लोक राहतातच. ड्युसेलडॉर्फ तसं मोठं गाव नाही, लोकवस्ती सव्वासहा-साडेसहा लाखांच्या घरात, आणि मोठं प्रदर्शन असलं की अख्ख्या गावात खोली मिळत नाही. इतकी ओढाताण असते की ऱ्हाइन नदीत प्रवासी बोटी बांधून ठेवतात आणि त्यांच्या केबिन हॉटेलसारख्या भाड्यानं देतात. म्हणून तिकिटाच्या आधी खोली बघा, आणि फुकट कॅन्सल होणारी बघा.

कोलोन साधारण ४० किलोमीटर, रिजनल ट्रेननं अर्धा तास, पण तिथून पुढं प्रदर्शनापर्यंत आणखी अर्धा तास धरा. माझं ऐकाल तर नॉइस बघा, ते नदीच्या पलीकडं अगदी लागून आहे, किंवा उत्तरेला ड्युसबुर्ग, क्रेफेल्ड. प्रदर्शनाचं मैदान, ज्याला ते मेसे म्हणतात, गावाच्या उत्तर टोकाला विमानतळाजवळ आहे, त्यामुळं उत्तरेकडनं येणं सोपं पडतं. गावातनं मुख्य स्टेशनवरनं यू७८ लाइन थेट मेसेला जाते, सकाळी साडेआठला त्यात पाय ठेवायला जागा नसते.

आठवडाभर इकडं-तिकडं फिरणार असाल तर डॉइचलांडटिकेट बघा. २०२३ ला ४९ युरोला चालू झालं, २०२६ पासून ६३ युरो झालंय, महिनाभर सगळ्या देशातल्या लोकल, रिजनल ट्रेन, ट्राम, बस त्यात येतात, आयसीई ही लांब पल्ल्याची फास्ट ट्रेन येत नाही. पण ते सबस्क्रिप्शन आहे, वेळेत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापतात. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करायचं, मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. स्टेशनवर गेट नसतात म्हणून कुणी विचारत नाही असं समजू नका, साध्या कपड्यातला चेकर येतो आणि बिनातिकिटाचे ६० युरो घेतो. कागदी तिकीट काढलं तर ते छोट्या मशिनमध्ये घालून छाप मारून घ्यायचं, छाप नाही तर तिकीट नाही.

प्रश्न : व्हिसाला किती आधी लागावं?

उत्तर : शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. पण प्रदर्शनाच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून तीन महिने आधी हलवा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर सेंटरचा चार्ज. कमीत कमी ३० हजार युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. बिझनेसचा व्हिसा असेल तर प्रदर्शनाचं तिकीट किंवा तिकडच्या कंपनीचं निमंत्रण, कंपनीचं लेटर, आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट. एजंट "खोटं हॉटेल बुकिंग लावूया" म्हणाला तर त्याच्या ऑफिसातनं तसंच उठा. आणि स्वित्झर्लंड फिरायचा बेत असेल तर जिथं जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडं अर्ज करायचा असतो, हे विसरू नका.

प्रश्न : आम्ही जैन, कांदा-लसूण खात नाही, शक्यतो सूर्यास्ताआधी जेवतो. पाच दिवस उपाशी राहायची वेळ येईल काय?

उत्तर : अण्णा, सूर्यास्ताचं तर बोलूच नका. जूनमध्ये तिथं सूर्य मावळतो जवळजवळ दहाला. निवांत साडेनऊला जेवलात तरी नियम मोडत नाही.

कांदा-लसणाचं मात्र जड आहे. "ओने त्स्वीबेल, ओने क्नोब्लाउख" एवढं पाठ करा, म्हणजे कांद्याशिवाय, लसणाशिवाय. व्हेज आणि व्हेगन लिहिलेलं भरपूर मिळतं पण त्यात कांदा असतोच. बटाट्याचे पॅनकेक मिळतात, रायबेकुखन म्हणतात, त्यात कांदा आणि बऱ्याचदा अंडं पण असतं, तेव्हा लांबूनच बघा. दह्यात आणि गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असू शकतं, चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातनं काढलेलं विरजण), पाकीट वाचून घ्या. कार्ल्सप्लाट्झ म्हणून गावात मध्यावर बाजार आहे, रविवार सोडून रोज असतो, तिथं फळं, ब्रेड, स्ट्रॉबेरी चांगल्या मिळतात. पांढरं अस्पॅरॅगस तिथं मोठ्या कौतुकानं खातात आणि त्याचा सीझन २४ जूनला संपतो, नुसतं बटर घालून मागा, सॉस नको, सॉसमध्ये अंडं.

घरनं काय न्यायचं तर दशम्या, कोरड्या चटण्या, भडंग, राजगिऱ्याचे लाडू. पेढे, खव्याचं, तूप न्यायचं नाही, बाहेरच्या देशातलं दुधाचं आणि मांसाचं काही युरोपात प्रवाशाला नेता येत नाही. गिऱ्हाइकाला भेट म्हणून आंब्याची पेटी न्यावी असं जूनमध्ये सगळ्यांना वाटतं, त्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, तेव्हा तो मोह आवरा. गुळाची छोटी ढेप न्या की, कोल्हापूरचं नाव सांगायला तीच बरी.

प्रश्न : कागल पंचतारांकित एमआयडीसीमधून युरोपला माल जातो. सीबॅमचा, म्हणजे युरोपच्या कार्बन कराचा, बागुलबुवा किती खरा? ड्युसेलडॉर्फचा कस्टमर सारखा फॉर्म पाठवतोय.

उत्तर : खरा आहे, पण सगळ्यांना सारखा नाही. रिपोर्टिंगचा सरावाचा काळ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला, पैशाचा खरा हिशोब १ जानेवारी २०२६ पासून. तुमचा माल त्यात येतो का हे कास्टिंग आहे म्हणून ठरत नाही, एचएस कोडवरनं, म्हणजे मालाच्या कस्टम्सच्या नंबरवरनं ठरतं. बिडाचे पाइप ७३०३ मध्ये, पाइप फिटिंग ७३०७ मध्ये, ते यादीत आहेत. वाहनांचे पार्ट ८७०८ मध्ये जातात, ते मूळ यादीत नाहीत. म्हणून पहिल्यांदा सीएला नव्हे, तुमच्या सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) फोन करा आणि शिपिंग बिलावर काय कोड पडतोय ते बघा. यादी वाढवायची चर्चा युरोपात चालूच आहे, तेव्हा आज नाही म्हणून फाइल बंद करून टाकू नका.

पैसे भरायची जबाबदारी तिकडच्या इंपोर्टरची आहे, तुमची नाही. पण आकडे तुमच्याकडचे लागतात म्हणून तो फॉर्म पाठवतोय. वर्षाला सगळा मिळून ५० टनांपर्यंतच असला माल आणणाऱ्या इंपोर्टरला आत्ताच्या नियमात सूट आहे, तो त्यात बसतो का ते त्याला सरळ विचारा. आणि लोखंड-पोलादाला आत्ता फक्त थेट उत्सर्जन धरतात, म्हणजे कुपोलातला (कोकवर चालणाऱ्या भट्टीतला) कोक मोजला जातो, विजेवरच्या इंडक्शन फर्नेसची वीज नाही. स्क्रॅपचं उत्सर्जन शून्य धरतात, पिग आयर्नचं (खनिजापासून काढलेल्या कच्च्या लोखंडाचं) मात्र मागचं सगळं तुमच्या डोक्यावर येतं. म्हणजे स्क्रॅप जास्त आणि पिग कमी असा चार्ज (भट्टीत घालायचा माल) असेल, भट्टी इंडक्शन असेल, तर तुमचा आकडा चांगला निघतो आणि तो लपवायचा नाही, उलट गिफाला जाताना त्या एक पानी कागदावर ठळक टाकायचा. फॉर्म भरला नाही तर डिफॉल्ट आकडा लागतो, तो कुणाच्याच फायद्याचा नसतो. दर हिटचा चार्ज लिहून ठेवता ना, मग निम्मं काम झालंय.

प्रश्न : आमचे हे गिफाला निघालेत, मी पण जाणार आहे. मला भट्ट्यांत काडीचा रस नाही. पाच दिवस मी एकटी काय करू? गाव सेफ आहे का? इंग्लिश बेताचंच आहे.

उत्तर : वहिनी, खरी मजा तुमचीच होणार. गाव चालत फिरण्यासारखं आहे, दिवसा एकटीनं फिरायला काही अडचण नाही, फक्त मुख्य स्टेशनच्या आसपास रात्री पर्स सांभाळा. बेताच्या इंग्लिशवर तुमचं भागेल, त्यांचंही पुष्कळदा बेताचंच असतं.

जुन्या गावातनं सुरुवात करा, आल्टश्टाट म्हणतात. तिथं मार्केटप्लाट्झवर टाउन हॉलपुढं यान वेलेम या राजाचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे, ग्रुपेलो नावाच्या शिल्पकारानं केलेला, १७११ चा. हा पुतळा साहेबांना पण दाखवा, कारण त्याची दंतकथा फाउंड्रीवाल्याच्या काळजाला हात घालणारी आहे. ओतकाम चालू असताना मेटल कमी पडलं, आता साचा अर्धाच भरणार आणि सगळं वाया जाणार अशी वेळ आली, तेव्हा ओतारी शागीर्द पोरगा गावात धावत सुटला आणि लोकांनी घरातले चांदीचे चमचे, काटे आणून दिले, ते वितळवून साचा पुरा भरला. खरं-खोटं राजा जाणे, ब्राँझमध्ये मुठीमुठीनं चांदी ढकलल्यावर ग्रेडचं काय झालं हे आमच्या क्यूसीवाल्यानं पहिलं विचारलं असतं. पण त्या पोराचाही वेगळा पुतळा त्याच चौकात शेजारी उभा केलाय, हातात चमच्या-काट्यांची रास घेऊन. राजाचा पुतळा सगळीकडं असतो, ओतणाऱ्या पोराचा पुतळा मी दुसरीकडं कुठं बघितला नाही.

तिथून दोन मिनिटांवर नदी. काठानं रुंद फिरायचा रस्ता आहे, आणि गंमत म्हणजे सगळा हमरस्ता त्याच्या पोटातनं बोगद्यात घातलाय. नव्वदच्या दशकापर्यंत काठावर गाड्यांची रांग होती, १९९३ ला बोगदा सुरू झाला आणि वर माणसं फिरायला लागली. काठाकाठानं दक्षिणेला चालत गेलं की ऱ्हाइन टॉवर, २४० मीटर उंच, वर १६८ मीटरवर बघायची गॅलरी. रात्री त्या टॉवरच्या खांबावर दिवे लागतात ते नुसती रोषणाई नसून घड्याळ आहे, ठिपके मोजून तास-मिनिट-सेकंद वाचता येतात. पुढं जुनं बंदर, आता मेडियनहाफन, तिथं फ्रँक गेरीच्या वाकड्यातिकड्या तीन इमारती आहेत, एक पांढरी, एक विटांची आणि मधली स्टेनलेस स्टीलची, अंगभर आरसा लावल्यासारखी, १९९० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या. तिच्यात शेजारच्या दोघी वेड्यावाकड्या दिसतात, फोटो तिथं काढा. वाकड्या भिंतींचे काँक्रीटचे तुकडे ओतायला थर्मोकोलचे साचे सीएनसीवर कापले होते, म्हणजे साहेब तिथंही पॅटर्नशॉप शोधणारच.

खरेदीसाठी कोनिग्सआले, सगळे तिला नुसतं "को" म्हणतात. मध्ये पाण्याचा कालवा, दोन्हीकडं झाडं, एका बाजूला दुकानं अशी की दाराशी उभा असलेला माणूसच आपल्यापेक्षा भारी सूट घालून असतो. बघायला जा, घ्यायला नको. जवळच को-बोगन नावाची नवी इमारत आहे, तिच्या भिंतींवर आणि छतावर ३० हजारांवर रोपांची कुंपणं लावलीत, हिरवी भिंत. स्टेशनजवळ इमरमानश्ट्रासे ही जपानी गल्ली. युद्धानंतर पोलाद आणि रसायनं घ्यायला जपानी कंपन्या इथं आल्या आणि राहिल्या, आज हजारो जपानी माणसं गावात आहेत, त्यांच्या बेकऱ्या, पुस्तकांची दुकानं, सगळं.

एक दिवस यू७९ नं कायझर्सवेर्टला जा, नदीकाठचं जुनं टुमदार गाव, बार्बारोसा राजाच्या किल्ल्याच्या पडक्या भिंती. एक दिवस कोलोनचं कॅथेड्रल, १२४८ ला पाया घातला आणि पुरं झालं १८८० ला. आणि जमलं तर वुपरटालला जाऊन लटकती ट्रेन बघाच, १९०१ पासून नदीच्या वर उलटी टांगून धावतेय, तिकीट लोकलचंच.

रविवारी पोचणार असाल तर एक लक्षात ठेवा, दुकानं बंद, सुपरमार्केट बंद, फक्त मोठ्या स्टेशनमधली चालू. पाण्याची प्लास्टिकची बाटली टाकू नका, तिच्यावर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशिनमध्ये घातली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची.

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंग करतेय, ड्युसेलडॉर्फकडच्या हॉस्पिटलची ऑफर आहे असं एजंट सांगतो. पाठवावं का?

उत्तर : ताई, गाव चांगलं आहे, आणि नर्सिंगशी त्याचं जुनं नातं आहे. वर सांगितलेल्या कायझर्सवेर्टला थिओडोर फ्लीडनरनं १८३६ ला संस्था काढली आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ ला तिथंच शिकायला गेली होती.

पण एजंटचं नीट तपासा. जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत करावी लागते, इथल्या डिग्रीची तिथं मान्यता घ्यावी लागते, त्याला ते आनएर्केनुंग म्हणतात, ती पुरी होईपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर काम असतं. करार थेट हॉस्पिटलच्या नावाचा आहे का बघा, आणि मुलीकडून लाखांत पैसे मागणारा असेल तर थांबा, कारण तिकडं माणसं कमी आहेत म्हणून बरीच हॉस्पिटलं भरतीचा खर्च स्वतःच करतात. आधी भाषा चालू करा, वर्ष त्यातच जातं.

प्रश्न : आमचा चपलांचा धंदा. ड्युसेलडॉर्फला कोल्हापुरी चपला खपतील काय? आणि गुळाच्या पॅकिंगसाठी मित्राला कुठलं प्रदर्शन?

उत्तर : चपलेची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि आपण ती सांगतच नाही. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम सहा किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, २०१५ पासूनचा नियम. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, त्यात क्रोमच घालत नाहीत. लॅबचा रिपोर्ट काढा आणि तो टॅगसारखा जोडीला लावा. मात्र जीआय (त्या भागाच्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांचा आहे, नाव वापरायचं तर ऑथराइज्ड यूजर म्हणून नोंद करा. आणि त्यांचे पाय रुंद-लांब, नंबर ४५-४६ पर्यंत लागतात, कापशी पॅटर्न पहिल्या दिवशी चावला की तो गिऱ्हाईक परत फिरकत नाही, तेव्हा आतनं मऊ करूनच पाठवा. बुटांचं प्रदर्शनही त्याच गावात भरतं, पण मेसेच्या मैदानावर नव्हे, एका जुन्या स्टील कारखान्याच्या जागेत.

मित्रासाठी इंटरपॅक, पॅकेजिंगचं, दर तीन वर्षांनी, २०२३ नंतर २०२६ चं. प्रिंटिंगवाल्यांना द्रुपा, २०२४ ला झालं, आता २०२८ ला. प्लास्टिकवाल्यांना के, हॉस्पिटलच्या सामानाला मेडिका, ते दर नोव्हेंबरला. एका गावात एवढं, म्हणून तर हॉटेलवाले माजलेत.

प्रश्न : संध्याकाळी कस्टमर जुन्या गावात बिअरला नेतो म्हणे. तिथं काय पाळायचं? मी मार्केटिंगला नवीन आहे.

उत्तर : भावा, आल्टश्टाटमध्ये अर्ध्या चौरस किलोमीटरात अडीचशेच्या वर बार आहेत, तेव्हा नेणारच. तिथली बिअर आल्टबिअर, गडद तांबूस, पाव लिटरच्या छोट्या ग्लासात. वेटर न विचारता पुढचा ग्लास ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ मारतो, बिल त्या रेघांचं होतं, पुठ्ठा हरवू नका. बास झालं की पुठ्ठा ग्लासावर ठेवायचा, नाहीतर तो आणतच राहतो. पीत नसाल तर ॲपल ज्यूस आणि सोडा मागा, आप्फेलशोर्ले, कुणी आग्रह करत नाही. टोस्ट करताना डोळ्यात बघायचं असतं, ग्लासात नाही.

आणि काहीही झालं तरी तिथं कोल्श मागू नका, ती कोलोनची बिअर. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेची फुटबॉलमध्ये जशी खुन्नस, तशी या दोन गावांची, कार्निव्हलमध्ये सुद्धा एक "हेलाउ" ओरडतं तर दुसरं "अलाफ". धंद्याचं बोलणं जेवताना रेटू नका. ऑफर उद्या मेलवर टाका आणि ती उद्याच टाका, मग बघा, नाद खुळा काम होतंय.

प्रश्न : कोल्हापूरहून जायचं कसं? आणि जर्मन ट्रेन मिनिटाला पक्क्या असतात ना, कनेक्शन थोडक्या वेळाचं ठेवलं तर चालेल?

उत्तर : आपल्याकडनं ड्युसेलडॉर्फला थेट विमान नाही. मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूलमार्गे थेट त्याच विमानतळावर उतरता येतं, किंवा मुंबई-फ्रँकफुर्ट करून विमानतळाखालच्या स्टेशनातनं आयसीई पकडायची, साधारण दीड तास. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरनं, मुंबईचं विमान आणि पुढचं आंतरराष्ट्रीय एकाच दिवशी जोडू नका, पावसाळ्याच्या तोंडावर धुकं-पाऊस कधी आडवा येईल सांगता येत नाही, आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलेलं बरं.

मिनिटाला पक्क्या हे जुनं झालं. २०२४ ला त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर ६२-६३ टक्केच पोचल्या, आणि "वेळेवर" म्हणजे सहा मिनिटांच्या आत उशीर. तासभर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मिळतात, त्याचा अर्ज ॲपवरच करता येतो. परतीच्या दिवशी मात्र पैसे परत मिळून उपयोग नाही, विमान गेलेलं असतं. जी गाडी बरोबर पोचवते असं वाटतं, तिच्या दोन गाड्या आधीची पकडा, आणि जड सँपल परत आणू नका, कस्टमरकडंच सोडा.